बारशाला कानात सांगितलेलं नाव

बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं. भावाला बहीण मी एकटी, त्यामुळे सुटका नव्हती. पाळण्याभोवती वहिनीच्या माहेरच्या, देवळ्याच्या बायका जमल्या होत्या. मी वाकून "कुर्र" केलं, नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे पाठीत धपाधप धपके खाल्ले.

"काय पुटपुटली गं? आम्हालाच ऐकू नाय आलं, तिला काय येणार?" वहिनीची आई म्हणाली.

"इंग्लिश मीडियमची आत्या हाय. गुड मॉर्निंग म्हटली असंल," वहिनीची मावशी म्हणाली.

हसण्याच्या गडबडीत कुणाचा तरी धक्का लागून घुगऱ्यांचं स्टीलचं ताट फरशीवर आदळलं. सगळ्या दचकल्या. बाळ जागं होतं, झुंबराकडे बघत होतं. त्याची पापणीही हलली नाही.

त्या वर्षी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी उंदरांच्या गर्भातल्या आतल्या कानाच्या स्लाइड बघायचे. डोक्याच्या बाजूची त्वचा आधी जाड होते, मग वाटीसारखी आत खचते आणि मिटून एक पिशवी होते. त्या पिशवीतून शंखासारखी वळणं तयार होतात. पुढे काही पेशींमध्ये एक जनुक जागं होतं आणि त्या ऐकणाऱ्या पेशी बनतात. प्रत्येक पेशी शेजारणीला इशारा देते, तू माझ्यासारखी होऊ नकोस. कोंबडीच्या पिल्लात या पेशी मेल्या तर नव्या येतात. उंदरात आणि आपल्यात येत नाहीत.

हे सगळं माहीत असूनही मी पेढा खाऊन गप्प बसले. भांडी घासताना आईला एवढंच म्हणाले, "ताट पडलं तेव्हा ती दचकली नाही."

"तुझ्यावर गेलीय. तूही अशीच शांत होतीस."

ते ऐकून मला बरं वाटलं, हे मला विसरता येत नाही. मी पुण्याला परत गेले. फोनवर कळायचं, पोरगी किती गुणी आहे, कुकरच्या शिट्टीनेही उठत नाही. अजून बोलत नाही, पण आत्या तरी कुठे बोलते? घरातल्या प्रत्येक शंकेला माझंच उदाहरण पुरत होतं, आणि मी ते पुरू दिलं.

ती दीड वर्षाची झाल्यावर तपासणी झाली, तेव्हा मीही सोबत होते. आतल्या कानातल्या पेशींमधली बारीक दारं ज्या जनुकामुळे तयार होतात, त्याच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. एक भावाकडून आलेली, एक वहिनीकडून. डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणाला शंका आली नव्हती का? लवकर आला असतात तर बोलणं सोपं गेलं असतं. आई नाही म्हणाली. तिला खरंच आठवत नसावं. मी फाइलचा बंद गुंडाळत राहिले.

ऑपरेशन झालं. कानामागचं यंत्र सुरू होऊन दोन आठवडे झाले, तेव्हा मी पुन्हा घरी, नाशिकला आले. वहिनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "ताई, नाव परत सांगा ना. त्या दिवशी तिला कुठे ऐकू आलं होतं?"

मी वाकले, पण "कुर्र" तोंडातून निघेना.

"वहिनी, मला बारशालाच शंका आली होती."

तिने विचारलं, "दीड वर्षं?"

मी मान डोलावली.

तिने मुलीला माझ्या मांडीवरून उचललं, खिडकीपाशी नेलं आणि तिच्या कानामागच्या यंत्राजवळ तोंड नेऊन नाव स्वतःच सांगितलं. मुलगी वळून तिच्याकडे बघायला लागली. वहिनीने ते पुन्हा सांगितलं. माझ्याकडे तिची पाठ होती.