बहिणीबद्दल अभिनंदन! ब्रेडा ते फ्रीसलंड, दोन नेते आणि एक चमचा

मी नेत्यांच्या भाषणांवर पोट भरलेला माणूस आहे. गैरसमज नको, पक्षात कधीच नव्हतो. करमाळ्यात सभांना स्पीकर लावायचो. आधी दुसऱ्याचे कर्णे खांद्यावर वाहिले, मग स्वतःचे घेतले, मग टेम्पो घेतला. अठरा वर्षं स्टेजच्या मागे वायरींच्या वेटोळ्यावर बसून भाषणं ऐकली. पुढे बायकोला, अश्विनीला, नेदरलँड्समधल्या ब्रेडात आयटीची नोकरी लागली आणि मी 'डिपेंडंट' असा शिक्का घेऊन तिच्या मागोमाग आलो. इथे पहिली नोकरी गोदामात. आता पुन्हा स्वतःचे स्पीकर आहेत, पुन्हा गाडी आहे. फक्त सभांच्या जागी बारशी, गणपती आणि फिलिपिनो लोकांचे वाढदिवस आले.

त्या गोदामात मला नेस्टर भेटला. फिलिपिन्सचा, जहाजावर आचारी होता, रॉटरडॅमला उतरला तो उतरलाच. वय अठ्ठावन्न. सगळे त्याला 'कुया' म्हणतात, म्हणजे दादा. खोक्याला टेप लावता लावता तो त्याच्या देशाच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षाचं भाषण पुटपुटायचा. अख्खं तोंडपाठ. त्यांच्याकडे शाळेत नेत्यांची भाषणं हातवाऱ्यांसकट पाठ करून म्हणायच्या स्पर्धा असतात. आपल्या वक्तृत्व स्पर्धेची सख्खी चुलत बहीण. आमची गट्टी तिथेच जमली.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तो दारात उभा. "साऊंडमॅन, गाडी काढशील? बहिणीचा साठावा वाढदिवस आहे. फ्रीसलंडला, पार उत्तरेला."

"तुझी बहीण तुझ्याशी बोलत नाही ना?"

"नाही. सहा वर्षं झाली."

"मग तिने बोलावलं?"

"तिच्या नवऱ्याने. तिला सांगितलेलं नाही."

अश्विनी आतून म्हणाली, "जा रे. आणि स्पीकर घेऊन जा. ते नसले, तर तुला हातांचं काय करायचं कळत नाही."

पहिला दिवस: ब्रेडा ते डेन हाख

गुरुवारी सकाळी निघालो. दिवसा बहुतेक हायवेंवर शंभरची मर्यादा आहे आणि कॅमेरे कुणाच्या ओळखीचे नाहीत, तेव्हा घाई करू नका. डेन हाखला, म्हणजे आपल्या हेगला, गाडी शहराबाहेरच्या पार्किंगमध्ये लावून ट्रामने आत जायचं. आत लावलीत तर दिवसभराच्या पार्किंगमध्ये दोघांचं जेवण जातं.

डेन हाख ही कुयाची अट होती. इतकी वर्षं या देशात आहोत, इथले नेते बोलतात कसे ते समोर बसून एकदा ऐकायचं. संसदेची जुनी इमारत दुरुस्तीला काढलीय, सध्या कामकाज स्टेशनजवळच्या दुसऱ्या इमारतीत चालतं. प्रवेश फुकट. ओळखपत्र दाखवा, बॅग लॉकरमध्ये ठेवा, वर गॅलरीत बसा. विषय होता शेणखत. खरंच सांगतो. गायी किती, शेण किती, ते कुठल्या शेतात किती टाकायचं.

मला मजा आली. समोर माईकांची रांग. बोलणाऱ्याला अडवायचं तर आरडाओरडा नाही, माईकपाशी जाऊन उभं राहायचं, नंबर आला की विचारायचं. आवाज कुठे शिट्टी मारत नाही, कुठे फाटत नाही. मी त्या ऑपरेटरला मनातल्या मनात नमस्कार केला.

कुया मात्र हिरमुसला. "हे मंत्री आहेत की कर्ज नाकारणारे बँकवाले?" तो माझ्या कानात म्हणाला. "हात बघ, टेबलाखाली. लोक रडणार कसे?"

"शेणावर कशाला रडतील?"

"आमच्याकडे रडतील. आमच्याकडे उमेदवार आधी गातो. गाता येत नसेल तर नाचतो. दोन्ही येत नसेल तर बायकोला नाचवतो. मग बोलतो. आणि नीट बोलला, की मागच्या रांगेतला अनवाणी माणूससुद्धा ताठ बसतो. आमची पोटं कमी भरली असतील, पण असं ताठ बसलेलं आम्ही विसरत नाही."

शेजारची डच बाई आमच्याकडे वळली. वाटलं, आता 'शू' म्हणणार. तर म्हणाली, "तो चांगला बोलतोय, नाही का? अगदी स्पष्ट आकडे." कुयाने मान डोलावली. पाहुण्याने डोलवावी तशी.

दुसरा दिवस: बांधावरून हार्लिंगेन

डेन हाखहून उत्तरेला दोन-सव्वादोन तास. शेवटी बत्तीस किलोमीटरचा तो प्रसिद्ध बांध: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अडवून गोडं केलेलं पाणी, मधून सरळसोट रस्ता. टोल नाही. वारा मात्र फुकट आणि भरपूर. दार उघडताना ते घट्ट धरा. मध्ये एक मनोरा आहे, तिथे थांबाच. वाकून दगड रचणाऱ्या कामगाराचा पुतळा आहे. देशाच्या एवढ्या मोठ्या कामात नेत्यांसोबत त्या वाकलेल्या पाठीचीही आठवण ठेवलीय, हे मला आवडलं.

वाटेत कुया गाडीत एक भाषण घोकत होता. हे नेहमीचं नव्हतं. आवाज वेगळा, मध्येच शिव्या.

"हे कुणाचं?"

"बहिणीच्या लाडक्या नेत्याचं. तिला भेट देणार आहे. उद्या सगळ्यांसमोर म्हणून दाखवणार."

"तुला तर तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो."

"म्हणूनच तर भेट."

मनोऱ्याखाली कॉफीचे कप धरून त्याने मला सगळं सांगितलं. लहानपणी तो अडखळायचा. पहिला शब्द घशातून निघायचाच नाही. लुझ, म्हणजे ही बहीण, दोन वर्षांनी मोठी. तिने त्याला शाळेच्या स्पर्धेत उभं करायचं ठरवलं. रोज शाळेतून आलं, की खोबरं वाळवायच्या छपराखाली त्याला उभा करायची आणि लाकडी चमच्याने डब्यावर ताल धरायची. तालावर शब्द सुटायचे. त्या जुन्या राष्ट्राध्यक्षाचं भाषण तो असं शिकला. जहाजावर बावीस माणसांचा कांदा चिरतानाही तो तेच म्हणायचा.

"आणि सहा वर्षांपूर्वी?"

"तिचा तो नवा नेता. तोंड गटारासारखं. मी तिच्या घरी, पाहुण्यांसमोर बोललो, तुला भाषण कळत नाही, तू शिव्यांना हसतेस." तो कपात बघत राहिला. "तिला म्हणालो मी, साऊंडमॅन. तिला."

स्टेजच्या मागे बसून मी एक गोष्ट शिकलोय. ठरवून आणलेली टाळी वाक्य संपायच्या आत पडते. खरी टाळी अर्धा श्वास उशिरा येते, कारण माणूस आधी ऐकत असतो. ते त्याला सांगितलं आणि म्हटलं, "खरं सांगू? उद्याचं तुझं भाषण तोंडातून येतंय, पोटातून नाही. मला वाऱ्यातसुद्धा कळतंय, तर तिला कळणार नाही का?"

"दुसरं काय घेऊन जाऊ मग?" तो म्हणाला. मी रिकामे कप गोळा केले.

हार्लिंगेन टुमदार बंदर आहे. तळलेल्या माशाचे तुकडे लसणीच्या पांढऱ्या सॉसबरोबर खा, दहा युरोंत पोट भरतं. सीगल खांद्यावरून घास उचलतात, तेव्हा भिंतीला पाठ लावून खा. आम्ही दोघांत एक खोली घेतली, नाश्त्यासकट शंभराच्या आत. कुया उशीत तोंड घालून घोकत होता.

तिसरा दिवस: वाढदिवस

गाव लेउवार्डेनच्या अलीकडे, पंधरा-वीस घरांचं. लुझचा नवरा डाउवे दारातच भेटला. उंच, लाल गालांचा, घाबरलेला. "आत स्वयंपाकघरात आहे," तो म्हणाला. "मी आत्ता सांगितलं. तिने गॅस मोठा केला."

इथे डच वाढदिवसाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. खुर्च्या गोल मांडतात आणि आलेला पाहुणा फक्त वाढदिवसवाल्याचं नाही, घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो. नवऱ्याला 'बायकोबद्दल अभिनंदन', आईला 'मुलीबद्दल अभिनंदन'. डाउवेने कुयाची ओळख 'लुझचा भाऊ' अशी करून दिली आणि अख्खा फ्रिशियन शेजारपाजार रांगेने त्याच्यासमोर आला. धिप्पाड हात, एकामागून एक.

"बहिणीबद्दल अभिनंदन!"

"थँक यू."

"बहिणीबद्दल मनापासून अभिनंदन!"

"थँक यू. थँक यू."

आणि बहीण सहा पावलांवर, पाठ फिरवून, भांड्यात शेवया हलवतेय. वाढदिवसाला त्यांच्यात लांब शेवया करतात, दीर्घायुष्यासाठी. त्या तोडायच्या नसतात.

मी आपला कराओकेचा माईक तपासायला घेतला. अश्विनी म्हणते ते खरंय. माईक चालू झाल्याबरोबर कुया उठला. डाउवेने डोळे मिटले.

कुयाने तिच्या नेत्याचं भाषण सुरू केलं. शब्द बरोबर, शिव्या जागच्या जागी. लुझच्या काही फिलिपिनो मैत्रिणी हसल्या, टाळ्या वाजवल्या, वेळेच्या आधी. चौथ्या वाक्याला स्वयंपाकघरातून आवाज आला.

"थांब."

लुझ दारात आली. ठेंगणी, केसांत पिठाचा डाग, हातात लाकडी चमचा.

"यातला एक शब्द तरी तुला पटतो का?"

"नाही, आते." त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात.

"मग माझ्या वाढदिवसाला, माझ्या घरात खोटं बोलू नकोस. मी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. तो माणूस आपल्या बाबांसारखा बोलतो. तसाच शिव्या देतो, तसाच मध्येच हसवतो. फोनवर लावला, की घरी असल्यासारखं वाटतं. भाषण मला कळतं, नेस्टर."

"माहीत आहे. मला तर..." आणि तो अडकला. पुढचा शब्द येईना. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जबडा हलतोय, आवाज नाही. मी आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर हात ठेवून होतो; स्पीकरमधून फक्त श्वास ऐकू येत होता.

लुझने त्याच्याकडे पाहिलं. मग चमचा टेबलावर आपटला. एकदा. परत. ठक, ठक, ठक.

"तुझं म्हण," ती म्हणाली.

आणि त्याने म्हटलं. ते जुनं, शाळेतलं, स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतील असं. माईक त्याने खाली ठेवला होता. मी हरकत घेतली नाही. फ्रिशियन शेजाऱ्यांना अवाक्षर कळत नव्हतं, पण ते ताठ बसले होते. मध्येच तिने चमचा न थांबवता म्हटलं, "हात खाली. इथे हात वर नसतो." त्याने हात खाली घेतला.

संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चमचा हवेत होता. मी मोजत नव्हतो, पण माझे कान आपोआप मोजतात. अर्धा श्वास गेला. एक गेला. मग तिने चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

"भाषण चांगलं आहे," ती म्हणाली. "नेता माझाच चांगला. बस, खा."

त्याच्या ताटात तिने एवढ्या शेवया वाढल्या, की त्याला तोंड वर करता येईना. बरंच झालं.

घरी

परतीला भाषण नव्हतं. कुया बांधावर झोपला तो ब्रेडाच्या पाटीला जागा झाला. मांडीवर शेवयांचा डबा, माझ्यासाठी दुसरा.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: तीन दिवस पुरतात, वारा रोखणारं जाकीट घ्या, आणि वाढदिवसाला गेलात तर सगळ्यांचं अभिनंदन करा.

रविवारी दुपारी अश्विनीने विचारलं, "काय आणलंस?" मी शेवया गरम करायला ठेवल्या आणि फोन काढला. थोरल्या भावाला, नंदूदादाला, मी निवडणुकीपासून म्यूट केलेलं होतं. माझे पहिले कर्णे त्यानेच बैल विकून घेऊन दिले होते. त्याने पाठवलेली त्याच्या नेत्याची बेचाळीस भाषणं साचली होती. मी हेडफोन लावला आणि सगळ्यात वरचं शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्या लवकर पडत होत्या. पण शेवटाकडे, माईकच्या अगदी जवळून, एक टाळी उशिरा आली. ती मला ओळखीची वाटली.

मी लिहिलं, "दादा, तू पहिल्या रांगेत होतास का?"

निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर आलं. "दुसऱ्या. डावीकडे. माईक शिट्टी मारत होता. तू असतास तर मारली नसती."