टिल म्हणजे गल्ला

प्रल्हाददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देऊळघाटला पाणीपट्टी भरून बाहेर पडत होतो. पावती हातातच होती. रडू येण्याआधी राग आला, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

दादा माझा मामेभाऊ. शेगावच्या एका भोजनालयात त्याने सव्वीस वर्षं गल्ला सांभाळला. यात्रेकरू सकाळपासूनच पाचशेच्या नोटा काढतात, म्हणून थोरल्या मालकांनी नेम घालून दिला होता... सकाळी स्वतःचे दोनशेचे सुटे गल्ल्यात टाकायचे, संध्याकाळी तेवढेच परत घ्यायचे. दादा ते घरून स्टीलच्या डबीत न्यायचा. थोरले मालक वारले. मुलाने लाकडी गल्ला काढून मशीन बसवलं, वर कॅमेरा लावला. संध्याकाळी पैसे उचलणारा दादाचा हात त्यात दिसला. सकाळी टाकणारा हात कोणी शोधलाच नाही.

कामावरून काढल्याची इंग्रजी चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे आला. "हे टिल म्हंजे काय बे?"

"गल्ला. दुकानातला पैशाचा खण."

"मंग गल्ल्यात हात होता, हेच लिवलं ना? माहा नाही तं कोनाचा असन?" तो हसला.

मला अर्धवट सांगता येत नाही. शब्दकोश काढून दाखवला, की इंग्रजीत 'गल्ल्यात हात' असं चोराबद्दल म्हणतात. दादाने चिठ्ठीची नीट घडी घातली.

"धाकल्या मालकाले समदं ठाऊक हाये रे. कॉलेजात होता तवा चहाले माह्याच डबीतून सुटे न्यायचा."

"मग जाऊन सांग त्याला."

"काऊन सांगू? त्यानं इचारलं काय मले?"

चार महिन्यांनी तो झोपेतच गेला. वय झालं होतं, असं लोक म्हणतात. एकसष्ट. मला आकडे कळतात, हे वय नव्हे.

तेरवीला तो मालक आला. "काका फार प्रामाणिक होते," म्हणाला. मी म्हटलं, "मग तसं इंग्रजीत लिहून द्या." तो मोबाईल बघत उठून गेला.

पंगती उठल्यावर वहिनींनी डबी माझ्यापुढे ठेवली. उघडली तर रिकामी. मी वर पाहिलं.

"कामावरून काढलं त्या दिवशी दुपारीच गल्ल्यावरून उठोलं त्याईले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळ होऊच नाही देली."

डबी आता माझ्या कपाटात, पावत्यांच्या फायलीशेजारी आहे. दादाचे दोनशे रुपये अजून त्यांच्या टिलमध्येच आहेत.