खाली काय दिसलं?

एकही माणूस मोजल्याशिवाय कुठे जाऊ नये, आणि गेलाच तर परत आल्याची नोंद झाल्याशिवाय दिवस मावळू नये, एवढ्या एका आग्रहावर आमच्या वहिनीचे थोरले भाऊ जगत आले आहेत. चंद्रपूरजवळच्या एका भुयारी कोळसा खाणीत त्यांनी उभी नोकरी लॅम्प रूममध्ये काढली. खाली उतरणाऱ्याने खिडकीत आपला बिल्ला द्यायचा आणि टोपीवरचा दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा. फळ्याच्या खिळ्याला एक जरी बिल्ला लटकत राहिला, तरी एक माणूस अजून खाली आहे असं समजायचं आणि भाऊंनी खिडकी सोडायची नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खिडकी काही सुटली नाही. लग्नात ते मंडपाच्या दारात उभे राहून वऱ्हाड मोजतात आणि जेवणं झाल्यावर पुन्हा मोजतात. एकदा नागपूरहून येताना भद्रावतीच्या स्टँडवर त्यांनी एसटी रोखून धरली, कारण पुढच्या सीटवर एक दुपट्टा होता आणि दुपट्ट्याचा मालक नव्हता. कंडक्टर घंटी मारतोय, लोक बोंबलताहेत आणि भाऊ दारात आडवे. "एक माणूस कमी हाय. गाडी नाई हालत." शेवटी ते स्वतःच शोधायला उतरले. तो गृहस्थ स्टँडमागच्या आपल्या घरी निवांत जेवायला बसला होता. तिकीटच त्याने भद्रावतीपर्यंतचं काढलं होतं. भाऊंनी त्याला दुपट्टा दिला, "सांगून उतरत जा बापा" असं बजावलं आणि परत आले. तोवर बसमधल्या चाळीस माणसांच्या नजरा मी एकट्याने सोसल्या.

अशा माणसाने लहान मुलांचं वाचनालय काढलं, तर ते कसं निघणार? शहराच्या कडेला, कोळशाच्या रेल्वे सायडिंगजवळ एक वस्ती आहे. जिवतीच्या पहाडावरून, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांतून, पार सिरोंच्याकडून मजुरीला आलेली माणसं तिथे राहतात. घरात पुस्तक म्हणाल तर गॅसचं. तिथल्या पाण्याच्या टाकीखालची बंद पडलेली पंपाची खोली भाऊंनी मागून घेतली, झाडून काढली, रद्दीवाल्याकडून चित्रांची चाळीसेक पुस्तकं आणली, हाताला येईल एवढ्या उंचीवर फळा ठोकला आणि पत्र्याचे बिल्ले कापून घेतले. गिऱ्हाईक तीन ते सहा वर्षांचं. नाव वाचता येत नाही म्हणून ज्याच्या त्याच्या बिल्ल्यावर त्याने मागितलेलं चित्र. कुणी बकरी मागितली, कुणी ट्रक. साडेचार वर्षांच्या एका मुलीने प्रेशर कुकर मागितला, कारण तो तिच्या घरी नुकताच आला होता. तिचं नावच मग कुकरवाली पडलं. बिल्ला टांगायचा, पुस्तक घ्यायचं आणि घरी न्यायचं. याला तिथे 'खाली जाणं' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं की भाऊ रजिस्टर उघडतात आणि विचारतात, "खाली काय दिसलं?" लेकरू सांगेल ते लिहून घेतात, बिल्ला देतात. झालं शिक्षण.

मी पेशाने मास्तर. बाराखडी घोटून घेण्यात जन्म गेला. हा प्रकार मला तेव्हाही कळला नाही आणि आता कळतोय असं म्हणायची हिंमत नाही. मी गेलो त्या पहिल्याच दिवशी कुकरवालीने सशाचं पुस्तक उलटं धरलं आणि ससा तेंदूपत्त्याले, म्हणजे जंगलात विडीची पानं तोडायला, गेला म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "अगं, ससा गाजर खातोय की." तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "थे काल. आज तेंदूपत्त्याले गेला." भाऊंनी ते मुकाट्याने लिहून घेतलं. सिरोंच्याकडची एक चिमुरडी पाच मिनिटं भडाभडा तेलुगूत बोलली, तेही भाऊंनी कानावर पडेल तसं देवनागरीत उतरवलं. मी विचारलं, "समजलं का?" म्हणाले, "नाई." "मग लिहिलं कशाला?" "तिनं सांगतलं म्हणून." मी कपाळाला हात लावला. आधी अक्षरं शिकवा, निदान पुस्तक सुलटं धरायला तरी शिकवा, असं मी नाना परीने विनवलं. भाऊ म्हणाले, "मास्तर, खाली मी गेलतो का थे गेलती? मंग वर आलेल्या माणसाले खोटं काऊन म्हणू?"

पौषात कुकरवालीचे आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले. सोबत ती गेली आणि तिच्यासोबत सशाचं पुस्तक गेलं. फळ्यावर कुकर लटकत राहिला. भाऊंच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात नागपूरला ठरलेलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आणखी लांबवलंत तर उजव्या डोळ्याची नजर जाईल. भाऊ म्हणाले, "एक लेकरू खाली हाय. खिडकी सोडून कसा येऊ?" वहिनी रडली, मग भांडली, मग तिने मला पाठवलं. मी आपली हुशारी चालवली. बाजारात हिंडून तेच सशाचं पुस्तक कोरं करकरीत आणलं आणि भाऊंपुढे ठेवलं. "घ्या, पुस्तक आलं. काढा तो बिल्ला." भाऊंनी ते पार नाकाजवळ नेऊन पाहिलं. "दिवा आला, मास्तर. माणूस कुठी हाय?" मग मी मुकादमाचा नंबर मिळवला आणि त्या पोरीला फोनवर आणलं. भाऊंनी विचारलं, खाली काय दिसलं? तिने सांगितलं, की ससा मिरची तोडून राह्यला आणि त्याचे डोळे चुरचुरून राह्यले, आणि दुपारी झाडाखाली ती बाकीच्या लेकरांना तो दाखवत असते. भाऊंनी सगळं लिहून घेतलं, रजिस्टर मिटलं, पण बिल्ल्याला हात लावला नाही. "आवाज वर आला. पाय येऊ दे." मी संतापून घरी आलो. पत्र्याच्या एका तुकड्यापायी डोळा घालवणाऱ्या या माणसाला थोर म्हणावं की दोरीने बांधून नागपूरला न्यावं, याचा निकाल मला लागेना. पुढे दोन महिने ते रोज चारच्या ठोक्याला खोली उघडून बसत. रजिस्टरातल्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या होत्या.

होळीनंतर ती आली. पुस्तकाला पुठ्ठा राहिला नव्हता आणि पानांवर लालसर बोटं उमटली होती. पुस्तक मात्र तिने सुलटं धरलं होतं. मास्तर असल्यामुळे एवढं मी टिपलं. तिने बराच वेळ काय काय सांगितलं, भाऊंनी ते लिहिलं, कुकर खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिला आणि उठले. "चाला मास्तर, नागपूरले." कुकरवाली दारात उभी राहिली. "तुमी खाली चालले?" भाऊ हो म्हणाले. "मंग तुमचा बिल्ला कुठी हाय?" लॅम्प रूमवाल्याला बिल्ला नसतो, कारण तो कधी खाली उतरतच नाही. हजारो माणसं मोजून झाली, पण या माणसाला मोजण्याची पाळी कुणावर आलीच नव्हती. आत्ताच मिळालेला आपला कुकर तिने पुन्हा खिळ्याला टांगला. "हा तुमचा," ती म्हणाली. भाऊंच्या डोळ्यांतून जे आलं ते मोतीबिंदूचं नव्हतं, आणि मलाही दाराबाहेर जाऊन उगाच चपला शोधाव्या लागल्या.

डावा डोळा चांगला उघडला. उजव्याला उशीर झाला होता. आठवड्याने काळा चष्मा लावून भाऊ परतले, तेव्हा ती त्यांच्या खुर्चीवर पाय लोंबकळवत बसली होती. रोज चारला येऊन बसायची, असं तिच्या आईने सांगितलं. तिने रजिस्टर उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "खाली काय दिसलं?" भाऊ समोर लहान मुलासारखे उभे राहिले. "एका डोळ्यानं सारं दिसलं बाई. एका डोळ्यानं नुसता उजेड." तिने पेन घट्ट धरलं आणि लिहायला घेतलं, डावीकडून उजवीकडे वेलांट्या घेत जाणारी एक रेघ, मग खाली दुसरी, तशी अर्धं पान भरून. मग खिळ्यावरचा कुकर काढून तिने भाऊंच्या खिशात टाकला.

ते पान मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यावर अक्षर म्हणावं असं एकही नाही. लाल पेन माझ्या खिशात कायमचं असतं, पण चूक कुठे दाखवावी तेच कळत नाही. एकदा न राहवून मी भाऊंना विचारलं, हे काय लिहिलंय तिने? भाऊंनी रजिस्टर चांगल्या डोळ्याजवळ नेलं आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सावकाश बोट फिरवलं.

"मी सांगतलं थे," ते म्हणाले.