प्रत्येक पंपाला स्वतःची किल्ली

ताहेरा मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. मी धामणगाव रेल्वे या गावचा, अमरावतीहून नुकताच इंजिनिअर होऊन मुलाखतीला आलेलो. शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर त्या शेडमध्ये तयार होत असे. शेतकरी त्याला नुसता ‘डबा’ म्हणत. मॅडम तिथल्या मुख्य अभियंता. त्यांनी दोन डबे माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “यातला तेल्हाऱ्याचा कोणता अन् अंजनगावचा कोणता?”

डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून मी उत्तर दिले. मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या नखाने सोलल्या, अदलाबदल करून चिकटवल्या आणि म्हणाल्या, “आता सांगा.”

मी दोन्ही डबे उलटेपालटे करून पाहिले; ते हुबेहूब सारखे होते.

“नाव कोनीही सांगू शकते, बेटा. मी तोच आहे हे डब्यानं सिद्ध केलं पाहिजे. आपलं सारं काम एवढंच.”

एवढेच काम मी आजवर शिकतो आहे. मॅडम वयाची साठी पूर्ण करत असताना त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तर ते पुरते समजले असे अजूनही म्हणवत नाही.

मॅडम मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. वडिलांचे पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे दुकान होते. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी आणि कॉलेजात पुस्तकी मराठी, अशा तिन्ही बोलींत त्या सारख्याच सहजतेने वावरल्या. पंप दुरुस्त करताना माणसाचा हात नेमका कुठे असतो, हे त्यांना फ्रॉक घालण्याच्या वयापासून ठाऊक होते. पुढे जे घडले त्यात ही जाण त्यांच्या पदवीपेक्षा मोठी ठरली.

ती वर्षे वऱ्हाडाला फार जड गेली. पाऊस दगा देत होता, बोंडअळीने कपाशी पोखरली होती आणि ज्यांच्या विहिरीला थोडेफार पाणी होते त्यांना वीज भलत्याच वेळी मिळे. अशा दिवसांत घरबसल्या पंप चालू होणे ही लहान गोष्ट नव्हती. काही हजार डबे अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत लागले. मात्र त्यांतली पहिली खेप कंपनीच्या मालकांनी बाहेरून तयार घेतली होती आणि त्या सगळ्या डब्यांत एकच गुप्त किल्ली होती. ही किल्ली म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ. ती ज्याच्याकडे असेल त्याचा हुकूम डबा पाळत असे. मॅडमनी यावर लेखी हरकत घेतली होती. मालक म्हणाले होते, “पुढच्या खेपेत पाहू.”

मग तेल्हाऱ्याकडच्या एका शेतातून केबलसोबत डबाही चोरीला गेला. तांब्याच्या तारेसाठी चोऱ्या होतच असत, त्यामुळे कोणी फारसे मनावर घेतले नाही. पण काही दिवसांनी त्याच भागातले गजाननभाऊ भर दुपारी शेडमध्ये आले आणि त्यांनी आपल्या गळ्यातला फाटका दुपट्टा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

“बाई, मी इहिरीत उतरून पंपाचा पट्टा बसवून राहिलो होतो. मोटर आपोआप सुरू झाली. दुपट्टा ओढला गेला. फाटला म्हून गळा वाचला.”

“घरून कोनी बटन दाबलं काय?”

“फोन बायकोपाशी होता. तिनं हात नाही लावला.”

“अन् खांबावरचा खटका?”

“तो नाही पाडला, बाई. फोनवरून बंद होती नं! मले वाटलं, बंद म्हंजे बंदच.”

मॅडमनी तो दुपट्टा उचलून फाटलेली कड पाहिली. मग म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही आमच्या भरवशावर उतरले. चूक आमची आहे.” आमच्याकडून तसा हुकूम गेल्याची नोंद नव्हती; म्हणजे चोरलेला डबा उघडून कोणीतरी त्यातली किल्ली बाहेर काढली होती. तिने त्या खेपेतला कुठलाही पंप चालवता येणार होता. चोर कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही.

मॅडम तडक मालकांच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेलो. पहिल्या खेपेतले सगळे डबे आजच फोनपासून तोडायचे, असे त्यांनी सांगितले. मालक हादरले.

“मॅडम, गहू पाण्यावर आला आहे. लोक येऊन शेड पेटवतील.”

“पेटवू द्या, साहेब. शेड पुन्हा बांधता येते.”

मालकांनी होकार दिला. त्या संध्याकाळच्या आत हजारो डब्यांना शेवटचा हुकूम गेला: यापुढे फोनचे ऐकू नका, हाताने बटण दाबले तरच चालू व्हा. नंतरचे चार दिवस मॅडमनी शिव्यांचे फोन स्वतः घेतले. प्रत्येकाला त्या विहिरीतला प्रसंग सांगत. बहुतेक लोक तो ऐकून थंड होत.

नवीन किल्ल्या नेटवर्कवरूनच पाठवून देऊ, असे मी मोठ्या हुशारीने सुचवले. मॅडम म्हणाल्या, “कोणत्या कुलपात घालून पाठवशील? जुन्याच नं? त्याची किल्ली तर चोराच्या खिशात आहे.” म्हणजे प्रत्येक डब्याला हात लावणे आले.

आणि त्यांनी तो लावला. तेल्हारा, अंजनगाव, धामणगाव, जिथे आठवडी बाजार तिथे आमचे टेबल. लोक पोत्यात, पिशवीत, मोटारसायकलच्या हँडलला लटकवून डबे आणत. आम्ही आत एक छोटी चिप बसवत असू. ती चिप स्वतःची किल्ली स्वतःच तयार करी आणि बाहेर फक्त एक खूण देई. सर्व्हर दर वेळी नवा प्रश्न विचारी, डबा आपल्या किल्लीने उत्तर देई आणि खुणेशी ते पडताळले जाई. आमच्या सर्व्हरचा हुकूमही डबा तसाच पारखून घेई. एक डबा फोडला तरी दुसऱ्याला धोका नाही.

अंजनगावला एका आजीबाईंनी हट्ट धरला, “माह्या डब्याची किल्ली मले द्या नं.”

“आजी, मलेच नाही माहीत. ती डब्याच्या पोटात तयार झाली, पोटातच राहीन.”

“तुले बी नाही माहीत?”

“नाही.”

आजींनी डबा काखेत मारला. “मंग बरं हाय. तुलेच माहीत नाही, त चोराले काय माहीत राहीन!”

मॅडम इतक्या खळखळून हसलेल्या मी क्वचितच पाहिल्या. गहू निघण्याच्या आत त्या खेपेतला शेवटचा डबा त्यांच्या हाताखालून गेला होता.

एक ऋण माझे वैयक्तिक आहे. चोरीला गेलेल्या डब्याची ओळख यादीतून रद्द करण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा एका डब्याऐवजी मी धामणगाव तालुक्यातले एक अख्खे गाव रद्द केले. सकाळपासून गावातले पंप ठप्प. मॅडम मला जीपमध्ये घेऊन निघाल्या. गावात पोचताच एक जण कडाडला, “कोन्या शहान्यानं केलं हे?” मी तोंड उघडण्याआधीच मॅडम म्हणाल्या, “मी केलं, भाऊ. यादीवर सही माही आहे.”

परतताना मी रडवेला झालो होतो. त्या म्हणाल्या, “रडू नको, नियम लिही. एकट्या मानसाच्या हातानं गावच्या गाव बंद नाही झालं पाहिजे. तुझ्याही नाही अन् माझ्याही नाही.”

तो नियम त्यांनी सर्वात आधी स्वतःला लावला. सगळ्या डब्यांच्या ओळखींची यादी बदलायला सर्व्हरची जी मूळ किल्ली लागते, तिचे त्यांनी पाच भाग केले आणि पाच जणांकडे दिले. तिघे एकत्र आल्याशिवाय ती वापरता येत नाही. मालकांनी अख्खी प्रत मागितली, तेव्हा “ती माझ्याकडंही नाही” एवढेच उत्तर मिळाले.

निवृत्तीच्या दिवशी हार-तुऱ्यांच्या आधी मॅडमनी आम्हाला कामाला लावले. नवे पाच भाग तयार करवून घेतले. त्यांत त्यांचे नाव नव्हते. जुने भाग सगळ्यांदेखत नष्ट झाले. कोणीतरी म्हणाले, “मॅडम, तुमचा राहू द्या नं. तुम्ही तर घरच्याच.”

“म्हनूनच,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आपले जुने कार्ड यंत्रात घातले, संकेतांक टाकला आणि पडद्यावर अक्षरे आली: ओळख पटली नाही. जी यंत्रणा त्यांनी उभी केली, तिनेच त्यांना दारातून परतवले होते. आमच्यातल्या दोघांचे डोळे भरून आले. मॅडमचा चेहरा मात्र उजळून निघाला. “शाबास,” त्या म्हणाल्या, “आता मी निश्चिंत घरी जाते.”

हल्ली मॅडम अमरावतीला असतात आणि तंत्रनिकेतनातल्या मुलींना विनामूल्य शिकवतात. त्यांचे गुडघे बरे राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि आमच्या चुका पकडायला त्या शंभरी ओलांडूनही आमच्यात असोत, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची प्रार्थना. आज या क्षणीही वऱ्हाडात कुणीतरी विहिरीत उतरले असेल, आणि शेजारी पंप शांत उभा असेल.