विधायकजींचा पाना

आमच्या शाळेचा हँडपंप बिघडला की मी अजूनही विधायकजींनाच फोन करते. विधायक, म्हणजे आमदार, होण्याआधी ते सरकारी खात्यात हँडपंप दुरुस्त करायचे. पाच वर्षं भोपाळला जाऊन आले, पुढची निवडणूक हरले, तरी पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत त्यांना कोणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही.

ते मोटरसायकलवर येतात. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता काढून खिडकीच्या गजाला टांगतात आणि पिशवीतला पाना काढून बनियनवर कामाला लागतात. आधी दांडा दोनदा दाबून, पंपाला कान लावून ऐकतात. "वायसर गेलं," एवढंच म्हणतात, आणि तेच निघतं.

मी त्यांना मत दिलं होतं ते नळासाठी. सभेत ते शाळेत नळ आणतो असं बोलले होते. काल सळया वर ओढताना त्यांना धाप लागली, तेव्हा मला राहवलं नाही.

"पाच वर्षं होती, विधायकजी. शाळेत नळ का नाही आणला?"

ते रागावले नाहीत. फाटलेलं वायसर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे फाटलेलं मले दिसते, मॅडम. नळाची फाइल त मी सोता या टेबलावरून त्या टेबलावर नेत होतो. पण भोपाळात काय फाटलं होतं, ते पाच वर्षांत मले दिसलंच नाही."

मग नवं वायसर बसवलं, हात धुतले, कुर्ता घातला. गुंड्या लावता लावता सवयीनं विचारलं, "अजून काही समस्या?"

मी नाही म्हटलं.