पायाळूची लाथ

जन्मताना माझे पाय आधी आले, म्हणून मी पायाळू. पायाळूनं डावा पाय लावला की भरलेली चमक जाते, अशी आमच्या नांदेडकडची समजूत. त्यामुळे लहानपणापासून माझ्यापुढे कितीतरी पाठी वाकल्या. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरला कोचिंग क्लासचं पेव फुटलं, तेव्हा मी तिथे फिजिक्स शिकवायला लागलो. पाठी तिथेही वाकतच राहिल्या आणि मला त्याचा छुपा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. एकदा माहेराहून, नायगावहून येताना तिची जीप रेल्वे फाटकापाशी थांबली आणि मागून टेम्पोनं धडक दिली. खरचटलंसुद्धा नाही. हसतच घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मान वळेना.

"चमक भरली, सर," शेजारच्या काकू म्हणाल्या. "तुमी घरचेच पायाळू हाव की. लावा पाय."

मी तिला पाटावर बसवलं आणि मानेवर टाच टेकवून हिसका दिला. ती ओरडली नाही. उजवा हात समोर धरून बघत राहिली.

"बोटं कळून नाही राहिली," ती म्हणाली.

खडू धरायचा हात होता तो.

डॉक्टरांनी एक्सरे काढला. हाड शाबूत होतं. मग त्यांनी समजावलं. मागून धक्का बसला की सीट धडाला पुढे ढकलते, डोकं मागेच राहतं आणि मग हिसक्यानं पुढे येतं. मानेचे स्नायू ताणले जातात, दुखणं कधीकधी दुसऱ्या दिवशी उमटतं. हे तर जडत्व. ग्लासवरचा पुठ्ठा टिचकीनं उडवून, वरचं नाणं आत पाडून दरवर्षी मी हेच शिकवत होतो.

"अशा मानेला वरून हिसका बसला की हाताकडे जाणारी नस दुखावते. तो कुणी दिला?" डॉक्टरांनी विचारलं. मी फरशीकडे बघत "मीच" म्हणालो.

डॉक्टरांनी बजावलं, मान कुणाकडून मोडून घ्यायची नाही, पण गादीवर पडूनही राहायचं नाही. शेक घ्यायचा, सोसेल तेवढी मान हळूहळू वळवायची, हाताला मुंग्या वाढल्या तर लगेच यायचं. रोज सकाळी मी तिची बोटं दाबून विचारायचो, कळतंय का? चौथ्या आठवड्यात करंगळी सोडून सगळी कळायला लागली, मग करंगळीही.

त्या दिवशी मी माफी मागितली. वर म्हणालो, तू तरी नको म्हणायचंस.

"दुसऱ्या कुणाला लावू दिला नसता पाय," ती म्हणाली. "तुम्ही फिजिक्सवाले. तुम्हाला कळत असंल म्हणून मान दिली."