डोक्यावरचा पदर

गुडघ्याच्या व्यायामासाठी मी छावणीतल्या दवाखान्यात जाते. तिथं एक बाई सासूबरोबर यायची. तिचा उजवा खांदा आखडला होता. मी लाजरी, नाव काही विचारलं नाही.

किती फरक पडला ते कळावं म्हणून व्यायाम घेणाऱ्या मॅडम तिला दर वेळी तेच विचारायच्या, "केस विंचरता येतात का? भाकरी थापता येते का?" बाई आधी सासूकडं बघायची, मग म्हणायची, "व्हय, येतं." हात वर करायला सांगितला की दात आवळून करायची. चेहरा हसरा, कपाळावर घाम.

काल मॅडम म्हणाल्या, "आता यायची गरज नाही." सासू रिक्षा बघायला गेली. बाई माझ्याजवळ बाकावर बसली. तिचा पदर घसरला होता.

"ताई, तेवढा पदर डोक्यावर द्या ना. हात उचलंना."

"मग खरं का सांगत नाही?"

"नाय म्हणलं तर माहेरी नेऊन टाकतील. तिथं आता कोणीच नाय."

मी पदर नीट बसवला. तेवढ्यात सासू आली. सुनेकडं बघून मला म्हणाली, "बघा, पदर बी घ्यायला लागली. उद्यापास्नं शेतात नेते."

बाई हसली. मी मान खाली घातली.